अर्धे थालीपीठ आणि एक संयोगरेषा : अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधील ‘पात्रते’ची गोष्ट (थ्रेड)

१/
ऑक्टोबर २०२४. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या इतिहास विभागात, खिडकी नसलेल्या एका खोलीत, विद्यार्थ्यांच्या शंकांसाठी राखून ठेवलेल्या वेळेत मी बसले होते. रात्रीचे साडेआठ वाजून गेले होते. समोर विद्यापीठाच्या फुटबॉल संघातील एक विद्यार्थी होता, सराव आटोपून थेट आलेला. मी डबा उघडला, भाजणीचे थालीपीठ अर्धे मोडले आणि त्याच्यापुढे केले. त्याने हात पुढे केला, मग मागे घेतला आणि विचारले, “हे मला चालेल का?”

२/
मला वाटले, तो पथ्याविषयी विचारतो आहे. मी भाजणीतल्या धान्यांची नावे सांगू लागले. तो हसून म्हणाला, “तसे नाही. तुम्ही विद्यापीठाच्या कर्मचारी आहात. मी तुमच्याकडून खाल्लेले नियमात बसते का?” मी ज्या अभ्यासक्रमाची टीचिंग असिस्टंट होते, त्या वर्गात तो दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी होता. पोटात भूक असलेला धिप्पाड तरुण अर्ध्या थालीपिठापुढे नियम आठवत बसतो, हे दृश्य माझ्या मनातून गेले नाही. आजचा थ्रेड त्या प्रश्नातून निघाला आहे.

३/
परवानगीचे जग मलाही परके नव्हते. एफ-१ व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासच काम करता येते. बाहेरची कमाई विशेष परवानगीवाचून निषिद्ध. गावातील एका मराठी कुटुंबाने मुलीला मराठी शिकवण्याबद्दल पैसे देऊ केले, तेव्हा मला ते नाकारावे लागले होते. गंमत अशी, की त्या हंगामात तो खेळाडू गावातल्या मोटारविक्रेत्याची जाहिरात करून रीतसर पैसे घेऊ शकत होता. मात्र थालीपिठापाशी अडत होता. आईला फोनवर हे सांगितले तर ती म्हणाली, “अगं, भुकेल्याला घास द्यायलासुद्धा नियम?”

४/
त्या रात्री मी एनसीएएची, म्हणजे महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या ‘नॅशनल कॉलेजिएट अ‍ॅथलेटिक असोसिएशन’ची, नियमावली उघडली. कर्मचाऱ्याने क्वचित प्रसंगी दिलेले जेवण नियमात बसते, असे निघाले. माझे थालीपीठ निर्दोष ठरले! पण मी वाचतच राहिले. शिवकालीन पत्रांत फौजेने रयतेकडून फुकट काही घेऊ नये अशी ताकीद आढळते, तेव्हा आपण त्यातून दोन गोष्टी वाचतो : राज्यकर्त्याची इच्छा, आणि असे घडत होते वा घडण्याची धास्ती होती हे वास्तव. निषेध हाही पुरावा असतो. ही नियमावली मी तशीच वाचायला घेतली.

५/
प्रथम थोडी पार्श्वभूमी. येथला फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडूचा, शिरस्त्राण घालून अंगावर धावून जाण्याचा खेळ. त्याचे महाविद्यालयीन सामने शनिवारी होतात आणि अख्खे गाव त्या दिवशी संघाच्या रंगाचे कपडे घालते. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. प्रशिक्षकांचे पगार लाखो डॉलरांत, प्रक्षेपणाचे करार अब्जावधींत. हा सारा डोलारा ज्यांच्या खांद्यांवर उभा, त्यांची वये साधारण १८ ते २३. आणि शंभराहून अधिक वर्षे त्यांच्यासाठी मुख्य नियम एकच : खेळासाठी पैसा घेशील, तर अपात्र ठरशील.

६/
या नियमामागचा शब्द ‘अ‍ॅमॅच्युअर’, आपल्याकडे ‘हौशी’. हौशी रंगभूमी म्हणताना आपल्या मनात नोकरी सांभाळून तालमी करणारी मंडळी येतात. व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये मात्र या शब्दाला वर्गाची धार होती. १८७९ मध्ये हेन्ली येथील नौकास्पर्धेच्या कारभाऱ्यांनी हौशी खेळाडूची व्याख्या केली; तिने यांत्रिक, कारागीर आणि मजूर यांना स्पर्धेबाहेर ठेवले. ज्याला पोटाची चिंता नाही, त्याचीच हौस शुद्ध, असा त्याचा अर्थ. आपण म्हणतो, हौसेला मोल नाही. तिथे ते शब्दशः खरे करण्यात आले : हौसेला मोल देणे हाच गुन्हा ठरला.

७/
अमेरिकेने हा आदर्श उचलला. पण तिथली सुरुवातच त्याला धरून नव्हती. अमेरिकेतील पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा म्हणजे १८५२ मध्ये हार्वर्ड आणि येल यांच्यात न्यू हॅम्पशायरमधील विनिपेसाकी सरोवरावर झालेली नौकाशर्यत. तिचा खर्च उचलला एका रेल्वे कंपनीने. आपल्या गाड्यांना प्रवासी मिळावेत हा हेतू. विद्यार्थ्यांना प्रवास, निवास, खाणेपिणे फुकट. पुढे ज्याला ‘बाह्य लाभ’ म्हणून दोष दिला गेला, तो पहिल्याच दिवशी नावेत बसलेला होता.

८/
महाविद्यालयीन फुटबॉलचा पहिला सामना ६ नोव्हेंबर १८६९ रोजी रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात झाला. पस्तीस वर्षांत हा खेळ किती पुढे गेला, ते येलचा १९०४ चा कर्णधार जेम्स होगन याच्याकडे पाहून कळते. त्याला राहायला उत्तम खोल्या, जेवण मोफत, क्यूबाची सहल, आणि न्यू हेवनमध्ये विकल्या जाणाऱ्या एका तंबाखू कंपनीच्या सिगारेटींवर दलाली. एका मासिकाने १९०५ मध्ये हे सारे चव्हाट्यावर आणले. ‘इन्फ्लुएन्सर’ हा शब्द जन्माला येण्यापूर्वी शंभर वर्षे ही स्थिती होती.

९/
त्याच वर्षी खेळावर दुसरे संकट आले : मृत्यू. १९०५ च्या हंगामात वृत्तपत्रांनी देशभरात १८ बळी मोजले. त्यात शाळकरी मुलेही होती. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावले. पुढच्या वर्षी नियम बदलले, चेंडू पुढे फेकण्यास मुभा मिळाली आणि एक राष्ट्रीय संघटना उभी राहिली. १९१० मध्ये तिने एनसीएए हे नाव घेतले. ही संस्था जन्मली ती मुलांचे जीव वाचवण्याच्या गरजेतून. पुढे तिची बरीच शक्ती मुलांचे खिसे तपासण्यात खर्ची पडली.

१०/
त्या काळाचा सर्वांत प्रसिद्ध बळी जिम थॉर्प. मूळ अमेरिकी समाजात जन्मलेला हा तरुण कार्लाइल येथील निवासी शाळेकडून फुटबॉल खेळे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन जिंकले. १९१३ मध्ये दोन्ही पदके काढून घेतली गेली, कारण १९०९ व १९१० च्या उन्हाळ्यात तो किरकोळ पैशांवर बेसबॉल खेळला होता. तसे खेळणारे इतर अनेक विद्यार्थी खोटी नावे लावत. थॉर्प स्वतःच्या नावाने खेळला आणि सापडला. १९८२ मध्ये त्याला सहविजेता मानले गेले, २०२२ मध्ये एकमेव विजेता. तो वारला १९५३ मध्ये.

११/
बंदीने व्यवहार थांबला का? १९२९ मध्ये कार्नेगी फाउंडेशनने महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्राचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला. खेळाडू मिळवण्याच्या पद्धती तपासलेल्या ११२ संस्थांपैकी ८१ संस्थांत खेळाडूंना या ना त्या रूपाने मदत दिली जात होती : उघड शिष्यवृत्त्या, नावापुरत्या नोकऱ्या, माजी विद्यार्थ्यांचे गुप्त निधी. १९४८ मध्ये एनसीएएने ‘सॅनिटी कोड’ नावाची आचारसंहिता आणली. १९५० मध्ये ती मोडल्याबद्दल सात संस्थांना काढून टाकण्याचा ठराव आला. दोन-तृतीयांश मते न मिळाल्याने तो फेटाळला गेला. पुढच्या वर्षी संहिताच रद्द झाली.

१२/
अखेर १९५६ मध्ये संस्थांना केवळ खेळाच्या गुणावर शिष्यवृत्ती देण्याची मुभा मिळाली : शुल्क, निवास, भोजन, पुस्तके आणि कपडे धुण्यासाठी किरकोळ रक्कम. आता विद्यापीठ स्वतः खेळाडूला मोबदला देऊ लागले होते. फक्त त्याला मोबदला म्हणायचे नव्हते. का म्हणायचे नव्हते, याचे उत्तर मला माझ्या त्या विद्यार्थ्याने आणून दिले.

१३/
इथे एक कबुली देते. वर्गाला ‘एका शब्दाचा इतिहास’ असा निबंध दिला होता. त्याचा पहिला मसुदा इतका नेटका होता, की तो त्याने स्वतः लिहिला असेल यावर माझा विश्वास बसेना. वर्गातील इतर कुणाच्या बाबतीत मी ती शंका घेतली नव्हती. तोंडी प्रश्न विचारायचे म्हणूनच मी त्याला त्या संध्याकाळी बोलावले होते. थालीपीठ मोडून देणारा हात आणि संशय घेणारा हात एकच होता, हे नोंदवायला हवे. त्याने पंधरा मिनिटांत माझ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे दिली आणि बॅगेतून कोलोरॅडो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल काढले.

१४/
पहिला निकाल १९५३ चा. अर्नेस्ट नेमेथ हा डेन्व्हर विद्यापीठाचा फुटबॉलपटू. टेनिस कोर्टांची निगा राखण्याबद्दल त्याला महिन्याला ५० डॉलर मिळत. १९५० च्या वसंत ऋतूतील सरावात त्याच्या पाठीला दुखापत झाली. त्याने कामगार म्हणून भरपाई मागितली. काम आणि जेवण मिळते ते संघात असेपर्यंतच, हे साक्षीतून पुढे आले. न्यायालयाने मान्य केले : नोकरी फुटबॉलवर अवलंबून आहे, म्हणून फुटबॉलमधली इजा ही कामावरची इजा. नेमेथला भरपाई मिळाली. देशभरातील विद्यापीठांना घाम फुटावा असाच हा निर्णय होता.

१५/
दुसरा निकाल १९५७ चा. रे डेनिसन हा फोर्ट लुइस महाविद्यालयाचा खेळाडू, विवाहित. सप्टेंबर १९५५ मधील एका सामन्यात डोक्याला मार बसून तो मृत्यू पावला. त्याच्या पत्नीने भरपाई मागितली. या वेळी न्यायालयाने नकार दिला. फुटबॉल खेळण्याचा कोणताही करार दिसत नाही, महाविद्यालय काही फुटबॉलचा धंदा करत नाही, असा युक्तिवाद ग्राह्य धरला गेला. एकाच राज्यात, चार वर्षांच्या अंतराने, पाठीची इजा कामगाराची ठरली आणि मृत्यू हौशी माणसाचा.

१६/
याच काळात एनसीएएच्या भाषेत एक शब्द रूढ केला गेला : ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’, विद्यार्थी-खेळाडू. १९५१ पासून दीर्घकाळ या संस्थेचे कार्यकारी प्रमुख असलेले वॉल्टर बायर्स यांनी १९९५ च्या आपल्या आठवणींत तो का आणला ते सांगितले आहे : खेळाडूंना राज्यांच्या औद्योगिक आयोगांनी कर्मचारी ठरवू नये म्हणून. मग नियमांतून, पत्रकांतून, निवेदनांतून तोच शब्द वापरला जाऊ लागला. आठवणी उशिरा लिहिल्या जातात आणि लिहिणारा स्वतःला सोयीचे आठवतो, हे आपण शिकलेलो असतो. तरी ही कबुली लेखकाच्या सोयीची नाही. म्हणून तिचे वजन मोठे.

१७/
त्या विद्यार्थ्याने आपल्या निबंधात एक संपूर्ण पान दोन शब्दांमधल्या संयोगरेषेवर खर्चले होते. त्याचे म्हणणे असे : ही रेघ दोन्हीकडून काम करते. दुखापत झाली, की तो ‘विद्यार्थी’, म्हणून कामगाराची भरपाई नाही. बाहेरच्या कुणी पैसे देऊ केले, की तो ‘खेळाडू’, म्हणून इतर विद्यार्थ्यांना असलेली कमाईची मोकळीक नाही. हे वाचून मला नियमावलीचा सांगाडा दिसला. बाह्य लाभाची बंदी आणि भरपाईचा नकार ही दोन वेगळी प्रकरणे मी मानत होते. ती एकाच भीतीची दोन टोके होती : हा मुलगा उद्या कामगार ठरेल, ही भीती.

१८/
ती भीती किती बारीक पाहू लागली, याचे एक उदाहरण. विद्यापीठांना खेळाडूंना फळे, सुकामेवा आणि बेगल (कड्याच्या आकाराचा पाव) देण्याची मुभा होती. पण बेगलवर लावायचे चीज वा लोणी यादीत नव्हते. ते लावले, की तो अल्पोपाहार न राहता जेवण ठरे! ही अट सुटायला २०१३ साल उजाडले आणि अमर्याद भोजनाची मोकळीक २०१४ मध्ये मिळाली. माझ्या विद्यार्थ्याचा हात थालीपिठापाशी का थबकला, याचे उत्तर इथे आहे. नियम सैल झाले होते. सवय झाली नव्हती.

१९/
आता दुसरी बाजू, कारण नियमकर्त्यांची चिंता सर्वस्वी खोटी नव्हती. डॅलसच्या सदर्न मेथडिस्ट विद्यापीठात धनाढ्य पाठीराखे खेळाडूंना गुप्तपणे पैसे पुरवत. १९८५ मध्ये शिक्षा झाल्यावरही १३ खेळाडूंना एकूण सुमारे ६१,००० डॉलर दिले गेले. फेब्रुवारी १९८७ मध्ये एनसीएएने तिथला फुटबॉल वर्षभर बंद केला. पुढचे वर्ष विद्यापीठाने स्वतःच सोडले. विद्यापीठाच्या नियामक मंडळाचे अध्यक्ष असताना हे देणे टप्प्याटप्प्याने थांबवायचे, एकदम नाही, या निर्णयात आपण सहभागी होतो, हे टेक्सासचे राज्यपाल बिल क्लेमेंट्स यांनी नंतर मान्य केले. पैशाने विद्यापीठ कसे पोखरले जाते, याचा हा धडा आहे.

२०/
मात्र शिक्षेचा तराजू पाहा. रेगी बुशने २००५ ची हाइझमन ट्रॉफी, या खेळातील सर्वोच्च वैयक्तिक सन्मान, २०१० मध्ये सोडली, कारण त्याने व त्याच्या कुटुंबाने बाहेरून लाभ घेतले होते. त्याच वर्षी जॉर्जियाच्या ए. जे. ग्रीनने स्वतःची सामन्यात वापरलेली जर्सी १,००० डॉलरला विकली आणि चार सामन्यांची बंदी भोगली. त्याच्या क्रमांकाच्या जर्सी मात्र दुकानात विक्रीला होत्या. जर्सी विकणे हा गुन्हा नव्हता. ती त्याने विकणे हा गुन्हा होता.

२१/
आपल्या पिढीला जवळची वाटेल अशी गोष्ट २०१७ ची. सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचा किकर डोनाल्ड डे ला हे यूट्यूबवर व्हिडिओ टाकत असे आणि त्यांवरच्या जाहिरातींतून कमाई करत असे. त्याला सांगण्यात आले, की तुझे खेळाडूपण ज्यात दिसते त्या व्हिडिओंतून पैसे घेऊ नकोस. त्याने ती अट नाकारली आणि पात्रता व शिष्यवृत्ती दोन्ही गमावली. वर्गातला कोणताही गायक, चित्रकार किंवा इतिहासाचे व्हिडिओ करणारा विद्यार्थी हेच करून कमाई करू शकत होता.

२२/
भिंत मग वेगाने ढासळली. २०१४ मध्ये श्रमसंबंध मंडळाच्या एका प्रादेशिक अधिकाऱ्याने नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंना कर्मचारी मानले. २०१५ मध्ये राष्ट्रीय मंडळाने हा विषय हाती घेण्यासच नकार दिला. सप्टेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून खेळाडूंना स्वतःच्या नावावर व छबीवर कमाई करण्याचा हक्क दिला. २१ जून २०२१ रोजी ‘एनसीएए विरुद्ध अल्स्टन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९-० अशा एकमताने एनसीएएच्या विरोधात निर्णय दिला. अल्स्टन हा वेस्ट व्हर्जिनियाचा माजी फुटबॉलपटू. प्रश्न शिक्षणाशी निगडित लाभांपुरता मर्यादित होता, पण सूर स्पष्ट होता. १ जुलै २०२१ पासून एनसीएएने नाव व छबीवरील कमाईला देशभर वाट करून दिली.

२३/
इतिहासप्रेमींनी या निकालाची सुरुवातीची पाने जरूर वाचावीत. न्यायमूर्ती नील गोर्सच तिथे १८५२ च्या रेल्वेप्रायोजित शर्यतीपासून आणि होगनच्या क्यूबा सहलीपासून आरंभ करतात. पूर्वीचा शुद्ध हौशी काळ आणि आताचा बिघडलेला काळ, ही परंपरेची गोष्ट कागदपत्रांपुढे टिकत नाही, हे त्यातून दिसते. आपल्याकडेही ‘पूर्वी असे नव्हते’ हे वाक्य पुष्कळदा पुराव्याविना चालते. एखादा न्यायाधीश जुनी वर्तमानपत्रे चाळतो तेव्हा काय होते, त्याचा हा नमुना.

२४/
रेगी बुशची ट्रॉफी एप्रिल २०२४ मध्ये त्याला परत मिळाली. ६ जून २०२५ रोजी ‘हाउस’ खटल्यातील तडजोडीला न्यायालयाची मंजुरी मिळाली : माजी व विद्यमान खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलर, आणि तडजोडीत सामील झालेल्या प्रत्येक विद्यापीठाला २०२५-२६ मध्ये सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंत वाटण्याची मुभा. तरी खिसे तपासणे संपलेले नाही. ६०० डॉलर वा त्याहून मोठे बाहेरचे करार आता एका नव्या आयोगाकडे नोंदवावे लागतात; व्यवहार खरा आहे की पाठीराख्यांची छुपी देणगी, ते तिथे पाहिले जाते. एफ-१ व्हिसावरच्या परदेशी खेळाडूंची अडचण तर तशीच आहे. माझ्या मराठीच्या शिकवणीसारखी.

२५/
आणि कर्मचारी? नाहीत. पैसा आला, तो शब्द आला नाही. एप्रिल २०२५ मध्ये वसंत ऋतूतील सरावात माझ्या त्या विद्यार्थ्याचा गुडघा निखळला. पंचाहत्तर वर्षांपूर्वी नेमेथची पाठही अशाच सरावात गेली होती. शस्त्रक्रियेचा खर्च विद्यापीठाने केला. ऑगस्ट २०२४ पासूनच्या नियमानुसार पहिल्या श्रेणीतील विद्यापीठांना खेळातील दुखापतीवरचे उपचार, खेळाडू बाहेर पडल्यावरही किमान दोन वर्षे, द्यावे लागतात. ही सुधारणा मोठी आहे. तिला कमी लेखू नये. पण कुबड्या घेऊन तो मला भेटायला आला तेव्हा म्हणाला, “गुडघा मला पन्नास वर्षे वापरायचा आहे.”

२६/
त्याच्या निबंधाला मी ‘ए’ दिला होता. त्या दिवशी मी त्याला माझ्या पहिल्या संशयाबद्दलही सांगितले. तो म्हणाला, “मला ठाऊक होते. म्हणूनच निकालांच्या प्रती बरोबर आणल्या होत्या.” मला त्यावर काही बोलता आले नाही. ज्याच्याकडे सदैव संशयाने पाहिले गेले आहे, तो माणूस पुरावे खिशात घेऊन फिरतो. थालीपीठ घेण्याआधी नियम विचारतो. शंभराहून अधिक वर्षांच्या नियमावलीचा हा परिणाम कोणत्याही तडजोडीच्या रकमेत धरलेला नाही.

२७/
डबा मी त्या दिवशीही उघडला. त्याने काही न विचारता अर्धे थालीपीठ उचलले आणि कुबड्या भिंतीला टेकवून खाली बसला.

मित्रांनो, एखादी जुनी नियमावली हाती लागली, तर तिच्यात काय काय मना केले आहे ते वाचाच. कारण तिथे त्या काळाचे वर्तन नोंदलेले असते. मग दुसऱ्यांदा वाचा आणि शोधा, की कोणत्या हानीचा तिच्यात उल्लेखच नाही. खेळाडूने घेतलेल्या प्रत्येक डॉलरची नोंद अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या दप्तरात सापडते. रे डेनिसनच्या घरी त्याच्यामागे काय उरले, हे विचारण्यासाठी त्या दप्तरात रकानाच नव्हता.

(समाप्त)